मीटरचा सर्व्हे, मिलिमीटरची इमारत आणि व्ह्यूपोर्टचा स्केल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तासगावजवळच्या प्लॉटचा टोटल स्टेशन या मोजणी यंत्राने केलेला सर्व्हे आला. ऑटोकॅडच्या लेआउटमध्ये (छापायचा कागद मांडायची जागा) ए-१ शीट लावलं, व्ह्यूपोर्टमध्ये (कागदावरची चौकट, जिच्यातून ड्रॉइंग दिसतं) यादीतून १:१०० निवडलं आणि अख्खा प्लॉट ठिपक्याएवढा झाला. त्याच यादीतलं तेच १:१०० इमारतीच्या प्लॅनला मात्र चपखल बसलं. मग युनिट्समध्ये जाऊन ‘मीटर’ केलं, तरी पडद्यावर काही हललं नाही. सॉफ्टवेअरच बिघडलंय का, असं तुम्ही विचारलंय.

बिघडलेलं नाही. दोन्ही वेळा त्याने तुम्ही सांगितलं तेच केलं. आपल्याकडच्या ऑफिसांत नवीन आलेली दहातली आठ मुलं इथेच अडकतात, आणि अडकण्याचं कारण ती १:१०० ही अक्षरं आहेत. आपण ते वाचतो ‘शंभर पट लहान’. सॉफ्टवेअर वाचतं ‘कागदावरचं एक युनिट म्हणजे मॉडेलमधली शंभर युनिटं’ (मॉडेल म्हणजे आपण खऱ्या मापात ड्रॉइंग काढतो ती जागा). कागद मिलिमीटरमध्ये आहे, इमारतही मिलिमीटरमध्ये, तेव्हा दोन्ही अर्थ योगायोगाने एकच होतात आणि आपल्याला वाटतं की यादी बरोबर आहे. सर्व्हे मीटरमध्ये आला की योगायोग संपला. कागदावरच्या एका मिलिमीटरात शंभर मीटर बसले, म्हणजे खरा स्केल १:१००००० झाला. तुमचा ३० मीटर लांबीचा प्लॉट कागदावर ०.३ मिलिमीटर होणार. ठिपकाच तो.

व्ह्यूपोर्टला मीटर कळत नाही, फूट कळत नाही, काही कळत नाही. त्याला फक्त एक गुणोत्तर कळतं. ते काढायचा हिशोब एका ओळीचा आहे: मॉडेलमधलं एक युनिट म्हणजे किती मिलिमीटर, त्याला हव्या असलेल्या स्केलने भागा. आलेला आकडा म्हणजे व्ह्यूपोर्टचा गुणक.

इमारत मिलिमीटरमध्ये असेल तर १ भागिले १००, म्हणजे ०.०१. सर्व्हे मीटरमध्ये असेल तर १००० भागिले १००, म्हणजे १०. मीटरच्या मॉडेलला १:२०० साठी ५, १:५०० साठी २, १:५० साठी २०. आणि १:१००० साठी बरोबर १. म्हणजे मीटरमध्ये काढलेला साइट प्लॅन १:१००० ला लावायचा असेल तर यादीतून चक्क १:१ निवडायचं. हे पहिल्यांदा सांगितलं की समोरचा माझ्याकडे संशयाने बघतो. बघू दे. कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जागेवरचा एक मीटर, यालाच तर १:१००० म्हणतात.

हा आकडा द्यायचे दोन रस्ते आहेत. व्ह्यूपोर्टची चौकट निवडून प्रॉपर्टीजमध्ये ‘कस्टम स्केल’समोर १० टाका. किंवा व्ह्यूपोर्टच्या आत दोनदा क्लिक करून झूम कमांड द्या आणि १०एक्सपी टाइप करा (कीबोर्डवर अर्थातच इंग्रजीत). एक्सपी म्हणजे ‘कागदाच्या पटीत’. मला दुसरा रस्ता आवडतो, कारण तिथे अपूर्णांक तसाच चालतो: १०००/१००एक्सपी, १०००/५००एक्सपी. भागाकार डोक्यात करायची गरज नाही, आणि शेजारी बसलेल्या माणसाला तुम्ही काय केलं ते वाचता येतं. झेडडब्ल्यूकॅड, ब्रिक्सकॅड वापरत असाल तरी हिशोब हाच.

एक्सपी द्यायच्या आधी मात्र आतलं ड्रॉइंग व्ह्यूपोर्टच्या मधोमध आणून घ्या. झूम एक्स्टेंट्स करा, हवा तो भाग मधे घ्या, मग आकडा द्या. कारण स्केल बदलतो तो चौकटीचा मध्य धरून. प्लॉट कोपऱ्यात असेल तर १०एक्सपी दिल्याबरोबर तो चौकटीबाहेर जातो, पांढरा कागद दिसतो, आणि माणूस घाबरून माऊसचं चाक फिरवतो. चाक फिरवलं की स्केल गेला. पुढे फक्त पॅन करायचं, म्हणजे ड्रॉइंग नुसतं सरकवायचं. झालं की लगेच प्रॉपर्टीजमध्ये ‘डिस्प्ले लॉक्ड’ला ‘येस’ करून टाका. त्यानंतर आतल्या रेषा दुरुस्त करायच्या असतील तर व्ह्यूपोर्ट मॅक्सिमाइझ करून करा, स्केलला धक्का लागत नाही. माझ्याकडे नियम आहे: लॉक न केलेल्या व्ह्यूपोर्टचं शीट मी तपासायलाच घेत नाही.

आता युनिट्सच्या खिडकीबद्दल. तिथे ‘मीटर’ केल्यावर काही बदललं नाही, कारण ती खिडकी काही बदलण्यासाठी नाहीच. वरचा भाग आकडे कसे दाखवायचे एवढंच सांगतो: दशांशात की फूट-इंचात, आणि किती घरांपर्यंत. खालचा ‘इन्सर्शन स्केल’ म्हणजे डब्यावरची चिठ्ठी. साखरेच्या डब्यावर ‘मीठ’ लिहिलं म्हणून आतली साखर खारट होत नाही. पण चिठ्ठी चुकीची असली तर दुसऱ्या दिवशी चहा बिघडतो, आणि तसंच इथेही होतं. एका फाइलमध्ये दुसरी फाइल आणताना सॉफ्टवेअर दोन्ही चिठ्ठ्या वाचून आपोआप गुणाकार करतं. मिलिमीटरची चिठ्ठी ४, मीटरची ६, इंचाची १, फुटाची २ (इन्सयुनिट्स हे त्या चलाचं नाव). मीटरच्या फाइलमध्ये मिलिमीटरची इमारत आणली तर ती ०.००१ पटीने आत येते आणि जागेवर बसते. चिठ्ठी खोटी असेल तर इमारत एक तर अख्ख्या तासगाव तालुक्यावर पसरते, नाहीतर मुंगीएवढी होऊन कुठेतरी पडून राहते.

म्हणून दुसऱ्याची फाइल हातात आली की चिठ्ठीवर विश्वास नको. मोजा. माहीत असलेली एखादी गोष्ट शोधा आणि डिस्टन्स घ्या. इमारतीत दार सगळ्यात सोपं. ९०० दाखवलं तर मिलिमीटर, ०.९ तर मीटर, ३५.४३ तर ती फाइल इंचात आहे, २.९५ तर फुटात. कुणी मुळात तीन फुटी दार काढलं असेल तर ३६ किंवा ३ येईल, तेही ओळखू येतं. सर्व्हेत दार नसतं, तिथे रस्त्याची रुंदी किंवा कुंपणाची एखादी बाजू जागेवर टेपने मोजून घेतलेली असली की पुरते.

प्लॉटसाठी मी आणखी एक गोष्ट हमखास करतो: हद्दीचं क्षेत्रफळ काढून सातबाऱ्याशी ताडून बघतो. आपल्याकडे मालक पाच गुंठे म्हणतो. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. पाच गुंठ्यांचे झाले ५०६ चौरस मीटर, आणि सातबाऱ्यावर ते हेक्टर-आर मध्ये ०.०५.०६ असं दिसतं. एरिया कमांडने ५०६ च्या आसपास आकडा दिला तर फाइल मीटरमध्ये आहे आणि हद्दही बरी आहे. ५४४५ च्या आसपास आला तर ती फुटांत आहे. आकडा या दोन्हींच्या अधेमधे कुठेतरी लटकत असेल तर तो स्केलचा प्रश्न नाही, मोजणीचा आहे. तिथे कॅड बंद करून मालकाला फोन लावायचा.

फुटांचा विषय निघालाच आहे तर सांगतो, कारण सांगली-साताऱ्यात हा गोंधळ कधीच सुटणार नाही. सर्व्हेवाला मीटरमध्ये बोलतो, महापालिकेचा नकाशा मीटरमध्ये लागतो, स्ट्रक्चरवाला मिलिमीटरमध्ये, मालक ‘तीस बाय चाळीस’ आणि मिस्त्री ‘नऊ इंची, साडेचार इंची’. नदीसुद्धा फुटांत बोलते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, हे सांगलीत शेंबड्या पोरालाही पाठ आहे, पण ते मीटरमध्ये किती हे इंजिनिअरलाही विचार करून सांगावं लागतं. त्यामुळे फुटांना नाक मुरडून उपयोग नाही. ड्रॉइंग मेट्रिकमध्ये ठेवायचं आणि फूट फक्त मापाच्या मजकुरात दाखवायचे.

त्यासाठी डायमेन्शन स्टाइलमध्ये ‘अल्टरनेट युनिट्स’ असतात. मुख्य माप मिलिमीटरमध्ये आणि कंसात फूट-इंच. तिथे आर्किटेक्चरल प्रकार निवडलात तर त्याचा पाया इंच असतो, म्हणून मिलिमीटरच्या ड्रॉइंगला गुणक ०.०३९३७ आणि मीटरच्या ड्रॉइंगला ३९.३७. दशांश फूट हवे असतील तर मिलिमीटरला ०.००३२८१. एवढं केलं की एकाच शीटवर महापालिकाही खूश आणि मिस्त्रीही. मी भिंती २३० आणि ११५ काढतो. मिस्त्री ते नऊ आणि साडेचार वाचतो, आणि कुणाचं काही बिघडत नाही.

पण फुटात काढलेली जुनी फाइल मेट्रिकमध्ये घ्यायची असेल तर तिथे चिठ्ठी बदलून भागत नाही, खरोखरच स्केल कमांड मारावी लागते. इंचातून मिलिमीटरला २५.४, फुटातून मिलिमीटरला ३०४.८, फुटातून मीटरला ०.३०४८. शून्य-शून्य हा पाया धरून मारा, म्हणजे सगळ्या फाइली एकाच प्रमाणात हलतात आणि पुन्हा एकमेकांवर बसवता येतात. आणि ते न करता जुन्या फाइलचं नुसतं शीट काढून द्यायचं असेल तर आपला एका ओळीचा हिशोब आहेच: इंचाच्या मॉडेलला १:१०० साठी २५.४ भागिले १००, म्हणजे ०.२५४एक्सपी. फुटाच्या मॉडेलला ३.०४८एक्सपी.

इथे एक सापळा आहे. जुनी माणसं ‘एका इंचाला आठ फूट’ म्हणायची. तो स्केल १:९६ आहे, १:१०० नाही. डोळ्याला फरक दिसत नाही, पण तो चार टक्के आहे. जुन्या ट्रेसिंगवरून स्कॅन केलेला नकाशा कुणी १:१०० समजून आत आणला तर बारा मीटरच्या बांधकामात जवळजवळ अर्धा मीटर वाढतो. स्कॅन कधीही छापलेल्या स्केलवर भरवसा ठेवून बसवू नका. त्यातली एक लिहिलेली लांबी घ्या आणि स्केल कमांडच्या ‘रेफरन्स’ पर्यायाने ती खऱ्या लांबीवर आणा. मोजणीच्या नकलेचंही तसंच. झेरॉक्सची झेरॉक्स होऊन आलेली नक्कल कागदावर काय म्हणते त्यापेक्षा तिच्यावर लिहिलेली अंतरं काय म्हणतात ते बघा. आडवी एक आणि उभी एक अशा दोन लांब्या तपासा, कारण स्कॅनरमधून कागद ओढला जाताना एका दिशेला ताणही बसलेला असतो.

तुमच्या मूळ अडचणीकडे येतो. तुमच्याकडे मीटरचा सर्व्हे आणि मिलिमीटरची इमारत आहे, आणि दोन्ही एकाच शीटवर हवेत. सुचतं ते असं की सर्व्हेला हजाराने गुणून मिलिमीटरमध्ये आणावं. ते करू नका. तुमचा सर्व्हे यूटीएम (पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये जागा सांगायची पद्धत) निर्देशांकांत असेल तर आपला भाग ४३ व्या झोनमध्ये येतो. सांगलीच्या आसपास ईस्टिंग (पूर्वेचा आकडा) साडेचार लाखांच्या घरात आणि नॉर्दिंग (उत्तरेचा) साडेअठरा लाखांच्या पुढे असते. त्याला हजाराने गुणलं की नॉर्दिंग १८६ कोटी होते. एवढ्या मोठ्या आकड्यांवर सॉफ्टवेअर रडकुंडीला येतं: हॅच (भाग भरायच्या रेषा) भरत नाही, पॅन करताना रेषा थरथरतात, स्नॅप भलत्याच जागी पकडतो. आणि सर्व्हे उचलून शून्याजवळ आणून ठेवला तर उद्या सर्व्हेवाल्याने दुरुस्त फाइल पाठवली की ती बसवायला पुन्हा झगडा.

माझी पद्धत अशी. सर्व्हे जिथे आहे तिथेच, मीटरमध्येच, कुणी हात लावायचा नाही. इमारत वेगळ्या फाइलमध्ये, शून्याजवळ, मिलिमीटरमध्ये. दोन्हींच्या चिठ्ठ्या खऱ्या. मग साइट प्लॅनच्या फाइलमध्ये इमारत एक्सरेफ म्हणून, म्हणजे बाहेरची फाइल जोडून, आणायची. ती ०.००१ ने लहान होऊन येते, तिला जागेवर फिरवून-सरकवून बसवायची. आता त्या फाइलमध्ये सगळंच मीटरचं झालं, म्हणून साइट प्लॅनच्या व्ह्यूपोर्टला २एक्सपी दिलं की १:५००, आणि त्याच शीटवर इमारतीचा व्ह्यूपोर्ट लावायचा असेल तर १०एक्सपी दिलं की १:१००. मजल्यांचे प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन यांची शीटं मात्र मी इमारतीच्याच फाइलमध्ये करतो, ०.०१एक्सपीने. तिथे सर्व्हेचं काही काम नसतं. प्लॉट तिरका असेल आणि कागदावर सरळ हवा असेल तर सर्व्हे फिरवू नका. व्ह्यूपोर्टच्या आत यूसीएस (निर्देशांकांचे अक्ष) फिरवा आणि प्लॅन कमांड द्या. दृश्य फिरतं, निर्देशांक जागेवर राहतात. प्लॅन कमांड झूमही बदलते, म्हणून एक्सपीचा आकडा त्यानंतर द्या.

कागदाची बाजूही एकदा तपासून घ्या, कारण हा सगळा हिशोब कागद मिलिमीटरमध्ये आहे असं धरून केलाय. फाइल जर इंचाच्या टेम्प्लेटवरून सुरू झाली असेल (अकॅडआयएसओऐवजी नुसतं अकॅड), तर पेज सेटअपमध्ये कागद इंचात असण्याची शक्यता मोठी. मग तुमचा प्रत्येक आकडा २५.४ पटींनी चुकतो. ओळखायचं कसं? लेआउटमध्ये जाऊन शीटची लांबी डिस्टन्सने मोजा. ए-१ ची लांब बाजू ८४१ यायला हवी. ३३.११ आली तर इंच. पेज सेटअपमध्ये मिलिमीटर करा आणि प्लॉट स्केल १:१, म्हणजे एक मिलिमीटरला एक युनिट. लेआउट नेहमी १:१ नेच छापायचा. स्केलचं काम व्ह्यूपोर्टने आधीच केलेलं असतं, दुसऱ्यांदा कुणी करायचं नसतं.

तो आकडा एकदा हाताशी आला की बाकीचीही कामं त्याच्यावरच भागतात, हे मला खूप उशिरा कळलं. मॉडेलमध्ये लिहिलेली अक्षरं कागदावर २.५ मिलिमीटर उंच हवी असतील तर २.५ ला गुणकाने भागा. मीटरच्या मॉडेलला १:१०० साठी २.५ भागिले १०, म्हणजे ०.२५. मिलिमीटरच्या मॉडेलला २.५ भागिले ०.०१, म्हणजे २५०. हॅचचंही तेच. नेहमीच्या तिरक्या रेषांचं हॅच मिलिमीटरच्या प्लॅनला १०० च्या स्केलने बरं दिसतं, मीटरच्या प्लॅनला ०.१ ने. मीटरच्या ड्रॉइंगमध्ये हॅच स्केल १ ठेवला तर तीन-तीन मीटरवर एक रेष येते, खोलीत एखादीच दिसते, आणि माणूस म्हणतो हॅच येतच नाही.

अ‍ॅनोटेटिव्ह (स्केलप्रमाणे आपोआप उंची बदलणारा) मजकूर वापरत असाल तर यादीत तुमचे मीटरचे स्केल वेगळे घालून घ्या. स्केललिस्टएडिटमध्ये जाऊन नवीन स्केल बनवा: नाव ‘१:१०० मी.’, कागदावरची युनिटं १०, ड्रॉइंगची १. तसेच ‘१:५०० मी.’ साठी २ आणि १. नावात ‘मी.’ जरूर घाला, नाहीतर दोन १:१०० शेजारी-शेजारी दिसतील आणि शनिवारी संध्याकाळी घाईत चुकीचा निवडला जाईल. एक्सरेफ जोडून-जोडून यादीत नकोशा स्केलांची रांग लागली असेल तर तिथलंच ‘रीसेट’ दाबा, पण आपले घातलेले स्केलही त्यात जातात. म्हणून ते टेम्प्लेटमध्ये ठेवून द्या.

तुटक रेषांची तुटण ठरवणारे दोन चल आहेत: पीएसएलटीस्केल १ आणि एलटीस्केल १ ठेवा. मग १:१०० आणि १:५०० ला रेषेची तुटण सारखीच दिसते. स्केल बदलल्यावर रिजेनऑल (सगळं पुन्हा काढायची कमांड) द्यायला विसरू नका, नाहीतर जुनीच तुटण दिसत राहते आणि आपण उगाच चुका शोधत बसतो.

एक गोष्ट व्ह्यूपोर्टला जमत नाही, आणि ती आपल्याकडे वारंवार लागते. पाणंद रस्त्याचा, कॅनॉलचा किंवा ओढ्याचा एल-सेक्शन, म्हणजे लांबीच्या दिशेचा उभा छेद. आडवा स्केल १:१००० आणि उभा १:१००. व्ह्यूपोर्ट दोन्ही दिशांना एकच गुणक लावतो, त्यामुळे उभं ताणण्याचं काम मॉडेलमध्येच करावं लागतं. मीटरच्या मॉडेलमध्ये उंचीचे आकडे दहापट करून सेक्शन काढा, किंवा सेक्शनचा ब्लॉक करून तो वाय दिशेला १० ने घाला, आणि व्ह्यूपोर्टला १एक्सपी द्या. मात्र अशा सेक्शनवर उभी मापं डायमेन्शनने घेऊ नका, दहापट खोटी येतील. उंची लेव्हलच्या आकड्याने लिहायची. शीटवर दोन्ही स्केल स्पष्ट लिहा. कुणीतरी तो सेक्शन बघून ‘एवढा चढ? ट्रॅक्टर कसा चढणार?’ असं विचारल्याचा प्रसंग माझ्यावर आलाय.

आता छापण्याबद्दल, कारण सगळं बरोबर करून माती तिथेच खाल्ली जाते. मी बोर्डावर टी-स्क्वेअर आणि त्रिकोणी स्केलपट्टी घेऊन ट्रेसिंग काढणाऱ्या पिढीतला. कॅडवर आलो तेव्हा मला वाटायचं की आता स्केल चुकणारच नाही. मग मिरजेकडच्या एका घराच्या कामात ए-३ चं पीडीएफ कुठल्याशा प्रिंटच्या दुकानातून छापून घेतलं. छापणाऱ्याने सवयीप्रमाणे ‘फिट’ दाबलं. प्रिंटरच्या कडा सोडण्यात पान साधारण ९७ टक्क्यांवर आलं. एका आतल्या भिंतीचं माप मी लिहायला विसरलो होतो. मिस्त्रीने काय केलं? स्केलपट्टी लावली. ४ मीटरची खोली पट्टीवर ३.८८ निघाली आणि भिंत १२ सेंटिमीटर आत आली. वीट चढल्यावर कळलं. मिस्त्रीचं काही चुकलं नव्हतं, शीटवर मीच ‘स्केल १:१००’ लिहिलं होतं. तोडण्याचे पैसे मी दिले.

तेव्हापासून प्रत्येक शीटवर स्केल पट्टी काढतो, मीटरमध्ये खुणा केलेली. ती मॉडेलमध्येच, प्लॅनच्या शेजारी, त्याच व्ह्यूपोर्टच्या आत. म्हणजे कागद झेरॉक्समध्ये आकसला तरी पट्टीही तेवढीच आकसते. ए-१ चं शीट ए-३ वर आणलं की लांबी निम्मी होते, १:१०० चं १:२०० होतं. नाव-पट्टीत म्हणून मी ‘१:१०० (ए-१ वर)’ असं लिहितो, नुसतं १:१०० नाही. प्रिंट काढताना पीडीएफच्या खिडकीत ‘अ‍ॅक्च्युअल साइझ’. आणि पहिली प्रिंट हातात आली की पट्टी लावून एक लिहिलेलं माप मोजतो. ४.०० मीटर लिहिलंय तिथे १:१०० वर ४० मिलिमीटर यायलाच हवेत. ३९ आले तर दुकानातच परत छापायला लावतो. दुकानदार कुरकुरतो, पण ओळखतो आता.

स्केल कुठला निवडायचा, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या शीटवर १:७५ दिसला म्हणून लिहितो. १:७५ आणि १:१२५ ‘शीटवर बसत नव्हतं’ म्हणून जन्माला येतात. ते वापरू नका. ठरलेली घरं १:५, १:१०, १:२०, १:५०, १:१००, १:२००, १:५००, १:१००० अशी आहेत, आणि मिस्त्रीच्या पट्टीवरही साधारण याच खुणा असतात. बसत नसेल तर कागद मोठा घ्या किंवा प्लॅन दोन शीटांवर तोडा. घराच्या मंजुरीच्या कामाला मी साइट प्लॅन १:५०० आणि मजले १:१०० ठेवतो. काम करायच्या शीटांना १:५०, जिना आणि टॉयलेटला १:२०, दारा-खिडक्यांच्या जोडाला १:५ किंवा १:१०. एकाच शीटवर तीन-चार व्ह्यूपोर्ट वेगवेगळ्या स्केलचे असायला हरकत नाही, फक्त प्रत्येकाच्या खाली त्याचा त्याचा स्केल लिहा आणि नाव-पट्टीत ‘दाखवल्याप्रमाणे’ असं लिहा.

व्ह्यूपोर्टची चौकट वेगळ्या लेयरवर ठेवून त्या लेयरचं प्लॉट बंद करा, छापताना ती काळी चौकट कुणालाच नको असते.

तुमच्या फाइलमध्ये आत्ता एवढंच करा. सर्व्हेतली कुंपणाची एक बाजू मोजा. ती मीटरमध्ये निघाली (बहुधा निघेलच, तुम्ही वर्णन केलेला ठिपका सहसा त्यानेच होतो) तर लेआउटमध्ये शीटची लांबी ८४१ आहे का बघा. युनिट्समध्ये केलेला मीटरचा बदल तसाच राहू द्या, चिठ्ठी खरी झाली तेवढी. व्ह्यूपोर्टमध्ये झूम एक्स्टेंट्स, मग १०००/१००एक्सपी. ३० मीटरचा प्लॉट कागदावर ३०० मिलिमीटर दिसेल आणि ए-१ वर आरामात मावेल. साइट प्लॅनला १:५०० हवा असेल तर १०००/५००एक्सपी, मग तोच ६० मिलिमीटर. लॉक करा. नंतर इमारत एक्सरेफने आणा आणि आणल्याबरोबर तिचं दार मोजा. ०.९ आलं पाहिजे. ९०० आलं तर इमारतीच्या फाइलची चिठ्ठी रिकामी किंवा चुकीची आहे: ती फाइल उघडून मिलिमीटर करा, सेव्ह करा, जुना एक्सरेफ डिटॅच करून पुन्हा घाला. नुसतं रीलोड करून तो लहान होत नाही, त्यात अर्धा दिवस घालवू नका.